आठ आण्यांची पुडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं माहेरचं गाव तिथून फार लांब नाही. घर आणि घराच्या पुढच्या सोप्यातलं किराणा दुकान, दोन्ही आठवडाभर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर मी पुण्याहून गेले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माझ्या हातून काय फावडं चालणार होतं! पण घरी बसवेना.

चिखलाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. पुतण्या आणि त्याचे मित्र घमेल्यांनी गाळ बाहेर टाकत होते. अण्णांच्या वेळची शिसवी मांडणी भिंतीपासून ओढली, तर मागच्या फटीतून गाळाबरोबर काहीतरी चकाकणारं खाली पडलं. मी उचलून पाण्याखाली धरलं. शाम्पूची पुडी होती. न फोडलेली. छपाई अर्धी उडाली होती, पण किंमत स्पष्ट होती : ५० पैसे. म्हणजे किमान पंधरा-वीस वर्षं ती तिथे पडून असणार. सागवानी दाराचं पाखं फुगलं होतं, हिशेबाच्या वह्यांचा लगदा झाला होता, अण्णांचा फोटो पुसला गेला होता. त्या पुडीच्या मात्र कडेची शिवणसुद्धा उसवली नव्हती.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांपासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत सगळं शिकवलं, पण माझ्याच घरच्या दुकानात जे घडलं त्याचा इतिहास असतो हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. त्यानंतर जे वाचलं, आठवलं, ते लिहून ठेवते आहे. आमच्या घरातली मुलं हे वाचतात म्हणून थोडं पाल्हाळ होईल, बाकीच्यांनी चालवून घ्यावं.

सुरुवात अण्णांपासून, म्हणजे माझ्या वडिलांपासून. माझा जन्म १९५१ चा. मला दुकान आठवतं ते नव्या पैशांच्या आणि नव्या वजनांच्या काळातलं. १९५७ मध्ये नाणी दशमान झाली, पाठोपाठ १९५८ पासून किलो-ग्रॅम येऊ लागले, आणि गिऱ्हाइकं मात्र पुढची कित्येक वर्षं नवटाक, पावशेर, छटाक हेच शब्द वापरत राहिली. दुकानात वस्तू असायची पोत्यात, डब्यात, बरणीत. छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं, त्याचं टोक अण्णांच्या डोक्यावर लोंबत असायचं. कागद उजव्या हाताला. अण्णा कागदाचा कोन करत, त्यात जिन्नस ओतत, वरची कड दुमडून आत खोचत आणि दोरा दोनदा फिरवून हिसक्याने तोडत. साखरेला जाड निळा कागद, बाकी सगळ्याला रद्दी. मी जोडाक्षरं वाचायला शिकले ती पुड्यांच्या कागदांवर. कोणाच्या तरी भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत जिरं यायचं. पुढे मराठी घेऊन बी.ए. झाले त्याची मुळं तिथे असावीत, असं मी गमतीने म्हणत असे.

तेलाला, रॉकेलला गिऱ्हाइकाची स्वतःची बाटली. गळ्याला सुतळी बांधलेली. ती विसरली तर परत घरी जायचं. लोणी पळसाच्या पानात. दोरा आई गुंडाळून ठेवायची, कागद चुलीत जायचा नाहीतर पोरांच्या हाती लागायचा.

आणि थोडं-थोडं घेणारेच जास्त. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याचाच घोळ झाला आहे. बाया संध्याकाळी रोजगार हातात आला की यायच्या. दहा पैशांचं तेल, पाच पैशांची चहापूड, दोन पैशांची हळद. अण्णांना त्याचा कंटाळा यायचा, पण ते देत. एका वेळेपुरतं विकणं आणि एका वेळेपुरतं विकत घेणं आमच्याकडे कोणी शोधून काढलेलं नाही. ते होतंच. वर्षाचं धान्य एकदम भरणारी घरं गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

जुनं ते सारं सोनं, असं मी म्हणणार नाही. अण्णा साखर कागदासकट तोलत. तो निळा कागद उगाच जाड नव्हता! हे मला बरंच उशिरा कळलं आणि कळल्यावर मी त्यांना कधी विचारलं नाही. इतर दुकानांतून धन्याच्या पुडीत काय काय निघे ते आमच्या आत्या रंगवून सांगायच्या. सुट्या मालावर गिऱ्हाइकाचा पुरता विश्वास कधीच नव्हता.

पैशाची पुडी म्हणून बांधून, सीलबंद आणि सगळीकडे एकसारखी विकायची, ही कल्पना मात्र बाहेरून आली. ती आणली सरकारने, कंपनीने नव्हे. १८९२ साली बंगालात हिवतापाने माणसं मरत होती आणि क्विनीन महाग होतं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉर्ज किंग यांनी एक योजना काढली. सिंकोनाच्या सरकारी मळ्यांतलं क्विनीन एकेका मात्रेच्या पुड्या बांधून पोस्टात विकायचं. किंमत एक पैसा. जिथे डॉक्टर नाही तिथेही पोस्ट होतं. पोस्टमास्तरकडे जाऊन एक पैसा दिला की एक पुडी, पाच ग्रेनची, आत काय आहे ते नक्की माहीत. चहावाल्यांनीही पुढे पैशा-पैशाची पाकिटं काढून चहा न पिणाऱ्या देशाला चहा प्यायला लावलं. सगळं कागदात.

याच घराण्यातली आणखी एक पुडी सांगायलाच हवी, कारण तिच्याबद्दल मला आदर आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पिशव्यांत भरायला लावला. कलकत्त्याच्या संस्थेच्या ग्रंथालयात बसून लोक वजनं करत होते आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडं इस्त्री तापवून चिकटवत होते. छावणीत ते पिंपात कालवून पाजलं. तोंडाने पाजायचं हे पाणी तेव्हा अनेक डॉक्टरांना अडाणीपणाचं वाटत होतं. पण तिथलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज आपण मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणतो आणि कात्रीने टोक कापतो, तेव्हा हे सगळं त्या टोकात असतं. म्हणून पुडी दिसली की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही.

आता शाम्पूकडे येते.

तामिळनाडूत कडलूर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे चिन्नी कृष्णन नावाचे गृहस्थ होते. शेती होती आणि औषधांचा छोटा धंदा होता. टाल्कम पावडर तेव्हा पत्र्याच्या डब्यात मिळे, ती त्यांनी छोट्या पाकिटांत आणली. एप्सम सॉल्ट १०० ग्रॅमच्या पाकिटात येई, ते ५ ग्रॅमच्या पुडीत आणलं. मी जे बनवीन ते हमालाला आणि रिक्षा ओढणाऱ्यालाही परवडलं पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता, असं त्यांच्या मुलाने सांगितलं आहे. पातळ पदार्थही पुडीत भरता येईल हे त्यांच्या डोक्यात आलं आणि शाम्पूची पुडी तयार झाली. ती बाजारात मोठी झालेली बघायला मात्र ते राहिले नाहीत. मुलांनी वेल्वेट नावाने ती विकली. त्यांतले एक भाऊ, सी. के. रंगनाथन, वेगळे झाले आणि १९८३ मध्ये १५ हजार रुपयांवर स्वतःचा धंदा सुरू केला. शाम्पूचं नाव ठेवलं चिक. वडिलांच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांवरून.

मला या कहाणीत वडिलांबद्दल आस्था वाटते. खरंच वाटते. आणि तिचं कारण आमच्या शाळेत घडलं.

१९८८ किंवा ८९ असेल. मी आठवीची वर्गशिक्षिका होते. गॅदरिंगच्या दिवशी एक मुलगी केस मोकळे सोडून आली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. एरवी तिच्या डोक्याला तेलाचा थेंब नसायचा, त्या दिवशी केस नुसते भुरभुरत होते आणि वास येत होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काय गं, वह्या घ्यायला पैसे नसतात आणि शाम्पूला बरे असतात?" ती गप्प उभी राहिली. मग खाली बघत म्हणाली, "बाई, रुपायाची पुडी हाय. बाटली थोडीच हाय!"

माझ्याकडे घरी बाटली होती. काचेची, हिरव्या शाम्पूची. तोवर मला शाम्पूचा अर्थ बाटली एवढाच होता, आणि बाटली म्हणजे आपल्यासारख्यांची. त्या पोरीला एक रुपयात एका दिवसापुरतं तेच मिळालं होतं जे माझ्या न्हाणीघरात होतं, आणि मला ते खपलं नाही. शिकेकाई वापर, रिठे वापर, असा उपदेशही मी वर केला असणार. रिठे फोडून, रात्रभर भिजवून, सकाळी उकळून न्हायला तिच्या आईला वेळ कुठला? ती मुलगी पुढच्या वर्षी शाळेत आली नाही. लग्न झालं. तिची माफी मागायची राहिली.

म्हणून गरिबांनी पुड्या घेऊ नयेत असं कोणी म्हटलं की मला ती भुरभुरणारे केस घेऊन समोर उभी दिसते.

पण मग पुढचं वाचताना मी अडखळले. चिक नवीन होता तेव्हा दुकानदार तो ठेवायला तयार नसत. रंगनाथन यांनी युक्ती काढली : कुठल्याही शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, एक चिक फुकट घेऊन जा. काही दिवसांनी अट बदलली, पाचही पुड्या चिकच्याच हव्यात. विक्री महिन्याला ३५ हजारांवरून १२ लाखांवर गेली, असं त्यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितलं.

धंद्याचे विद्यार्थी हा किस्सा हुशारीचा नमुना म्हणून वाचतात. मी तो वाचला तेव्हा मला दिसलं ते वेगळंच. तामिळनाडूतल्या घराघरांत बायांनी रिकाम्या पुड्या धुऊन, वाळवून, कोनाड्यात जपून ठेवल्या असतील. पोरं रस्त्यावर पुडी दिसली की उचलत असतील. म्हणजे रिकाम्या पुडीला मोल असलं की ती गटारात जात नाही, हे या धंद्याच्या पहिल्या पाच-दहा वर्षांतच सिद्ध झालेलं होतं. तेही पुडी विकणाऱ्याकडून! फक्त त्याला तो प्रश्न सोडवायचा नव्हता, दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढायचं होतं. ते ओढून झालं, आणि रिकाम्या पुडीचं काम संपलं.

हे आमच्या पिढीला नवीन नव्हतं. जत्रेत गोटी सोडा प्यायचो, ती सुद्धा एकट्याची, एका वेळेपुरतीच बाटली. सोडावाला अंगठ्याने गोटी आत ढकलायचा, फस्स आवाज व्हायचा, तिथेच उभं राहून प्यायचं आणि बाटली त्याच्या हातात द्यायची. ती घेऊन निघालात तर तो मागे धावत यायचा. बाटली त्याची होती. मुंबईच्या मावशीकडे आरेच्या दुधाची काचेची बाटली, वर चंदेरी कागदाचं बूच. रिकामी दिल्याशिवाय भरलेली नाही. १९८५ मध्ये फ्रूटी आली तेव्हा भाच्यांना तिचं केवढं अप्रूप! नळी टोचायची, प्यायचं, खोका चेपायचा आणि फेकायचा. फेकणं हासुद्धा खेळाचाच भाग होता. मागे कोणी धावत आलं नाही.

आमच्या दुकानात पुड्यांच्या माळा आल्या त्या ऐंशीच्या दशकात, धाकटा भाऊ गल्ल्यावर बसू लागल्यावर. अण्णा कोपऱ्यात बसून बघायचे. दोऱ्याचं रीळ होतं त्याच खिळ्याला भावाने शाम्पूची माळ अडकवली. मग धुण्याची पावडर, मग कॉफी, लोणचं, टोमॅटो सॉस, डोक्याचं तेल, केसांचा रंग. आणि गुटखा. गुटख्याच्या माळांनी तर दुकानाचं तोंड झाकून गेलं. अण्णा एकदाच बोलले, "आता तोलायचं काय उरलं?" भावाने ते मनावर घेतलं नाही. त्याचं बरोबरही होतं. तोलण्यात वेळ जात होता, सांडलवंड होत होती, उंदीर होते. माळेतली एक पुडी कात्रीने कापायची की झालं.

विश्वासाचं म्हणाल तर १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि सूज येऊन साठेक माणसं मेली. (आपल्याकडे पिवळा धोतरा म्हणतात तो, काटेरी, शेताच्या बांधावर असतो.) त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल बंद पाकिटातच विकण्याचा आदेश काढला. गळ्याला सुतळी बांधलेली बाटली गेली ती अशी. त्या आदेशाला मी कसं नावं ठेवू?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शाम्पूची पुडी आठ आण्यांवर आली. माझ्या हाती लागली ती त्या काळातली. गंमत अशी की आपल्याकडे बऱ्याचदा मिलिलिटरमागे पुडीतला शाम्पू बाटलीतल्यापेक्षा स्वस्त पडतो. मग मध्यमवर्गीयही हिशेब करून माळच्या माळ घ्यायला लागले. मी घेत होते. सहलीला बऱ्या, सांडत नाहीत, म्हणून. २००४ मध्ये सी. के. प्रल्हाद यांचं 'द फॉर्च्यून ॲट द बॉटम ऑफ द पिरॅमिड' आलं. तळाच्या माणसाला गिऱ्हाईक समजा, त्यात त्याचंही भलं आणि तुमचंही, असा त्याचा आशय. आमचीच पुडी परदेशातल्या वर्गांत शिकवली जाऊ लागली.

त्या पुस्तकाला आणि त्या काळाला एक गोष्ट दिसली नाही असं माझं मत आहे. गरिबाला थोडं विकण्याचा मान पुडीला दिला गेला, पण ते तर अण्णाही देत होते. पुडीने नवीन केलं ते एवढंच, की वस्तू संपल्यावर जे हातात उरतं त्याची जबाबदारी कोणाचीच ठेवली नाही. अण्णांची पुडी उलगडली की रद्दीचा कागद उरायचा, जो आधीच एकदा वापरून झालेला होता. या पुडीत असतो एक थर छपाईचा, पॉलिएस्टरचा. मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा तसाच चकाकता मुलामा. आत पॉलिथिन. वरचा थर दिसायला, मधला हवा आणि ओल अडवायला, आतला उष्णतेने चिकटायला. तिन्ही एकमेकांना असे डकवलेले की पुन्हा वेगळे करणं परवडत नाही. हीच तिची हुशारी, त्यामुळेच ती मांडणीमागे वीस वर्षं टिकली. आणि त्यामुळेच ती भंगारात कोणी घेत नाही.

पुण्यात कचरावेचक बायांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिचं नावच बघा : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. कागदाला भाव आहे, काचेला आहे, पत्र्याला आहे. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना मी एकदा विचारलं, पुड्यांचं काय करता? त्या म्हणाल्या, "काकू, हजार गोळा केल्या तरी मूठभर वजन भरत नाही. आणि भरलं तरी कोण घेतोय?" दुधाच्या पिशव्या त्या वेगळ्या काढतात, पुड्या बाजूला सारतात. कुठल्या अर्थशास्त्रज्ञाने हे इतक्या थोडक्यात सांगितलं असतं?

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ते वाचून मला चीड येते आणि चिडून लिहिलेलं चांगलं होत नाही. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या गटारांचा राग निघाला तो कॅरीबॅगवर. पुडीकडे लक्ष गेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये गुटखा-तंबाखूच्या प्लॅस्टिक पुड्यांना मनाई केली, ती मार्च २०११ पासून लागू झाली. म्हणजे मनात आलं तर पुडी बंद करता येते. २०१६ च्या केंद्रीय नियमांत लिहिलं गेलं की पुन्हा वापरात न येणारी अनेक थरांची वेष्टनं दोन वर्षांत बंद करायची. दोन वर्षं भरत आली, आणि मार्च २०१८ मध्ये नियमातले शब्द बदलले. ज्यातून ऊर्जा मिळवता येत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, अशीच वेष्टनं त्या बंदीत राहिली. सिमेंटच्या भट्टीत जाळली की ऊर्जा मिळालीच की! तीस वर्षं मुलांचे पेपर तपासले, पण प्रश्नपत्रिकाच बदलून पास होणारा विद्यार्थी मला तरी भेटला नव्हता.

त्याच महिन्यात महाराष्ट्राची प्लॅस्टिकबंदी आली. भाजीवालीच्या पिशव्या जप्त झाल्या. कारखान्यातूनच मालाला गुंडाळून येणाऱ्या वेष्टनांना सवलत होती. दुधाच्या रिकाम्या पिशवीचे ५० पैसे परत मिळणार होते. मी चार महिने पिशव्या धुऊन ठेवल्या, शेवटी कचरावाल्या ताईंना दिल्या. आणि १ जुलै २०२२ पासून देशभर नळ्या, चमचे, आइस्क्रीमच्या काड्या गेल्या. पुडी राहिली.

त्याच २०१८ मध्ये तामिळनाडूत थूथुकुडीच्या एका मुलींच्या शाळेने मात्र मला आवडेल असं काहीतरी केलं. मुलींनी दोन आठवडे खाऊची रिकामी वेष्टनं जपून ठेवली. वीस हजारांवर भरली. ती खोक्यांत भरून ज्या कंपन्यांची होती त्यांना परत पाठवली, सोबत पत्र, की तुमचा खाऊ आम्हाला आवडतो, पण हे तुमचं तुम्ही घ्या. सोडावाल्याची बाटली परत द्यावी तशी. माझ्या नोकरीच्या काळात मी मुलांकडून मैदान झाडून घेतलं, वेष्टनं गोळा करवली, आणि शाळेमागे खड्ड्यात जाळली. दर शनिवारी. धूर काळा आणि कडवट यायचा, पोरं खोकायची, आणि मी त्याला स्वच्छता म्हणत होते.

हे सगळं पुतण्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आत्या, मी उद्या बरणीतून सुटा शाम्पू द्यायला लागलो, तर तूच म्हणशील यात पाणी घातलंय का म्हणून." मी म्हटलं, म्हणेन. तो हसला. त्याच्या दुकानात शंभरेक प्रकारच्या माळा आहेत. पाच-दहा रुपयांच्या मालावरच त्याचं दुकान चालतं. त्याला मी काय सांगू?

पुराच्या दिवसांचं अर्धं राहिलं.

मी तिथे चार दिवस होते. पहिल्या दिवशी दुकानात विकायला काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिरजेहून टेम्पो आला. वहिनीने अजून ओल्या भिंतीवर खिळा ठोकला आणि शाम्पूच्या माळा अडकवल्या. मी म्हटलं, "अगं, आधी तांदूळ-डाळ तरी लाव." ती म्हणाली, "वन्सं, तांदूळ मदतीच्या गाडीतून मिळतोय. बायांना न्हायचंय."

आणि खरंच बाया आल्या. सगळ्यांच्या केसांत गाळ. टँकरचं पाणी होतं, घंगाळं-बादल्या वाहून गेलेल्या. कोणाच्या हातात बाटली नव्हती, वाटी नव्हती, काही नव्हतं. रिठे उकळायला चूल नव्हती. प्रत्येकीला एकच पुडी हवी होती. वहिनी माळेतून एकेक फाडून देत होती, वही नव्हती तर पैसे कोणी मागितलेही नाहीत. मीही एक घेतली. दाताने टोक तोडलं आणि अंगणात तांब्याभर पाण्याने न्हायले. तीन दिवसांनी डोकं हलकं झालं. आयुष्यात इतकं चांगलं न्हाणं दुसरं आठवत नाही.

रिकामी पुडी हातात राहिली. अंगणात टाकायला जागा नव्हती, कारण अंगणात तेच होतं. पुराने वरच्या सगळ्या गावांतून आणलेल्या पुड्या कुंपणाच्या तारेला, बाभळीच्या काट्यांना, वायरींना लटकत होत्या, आणि न्हालेल्या बायांच्या ताज्या पुड्या नाल्याकडे सरकत होत्या. मी माझी धुतली आणि पदराला बांधली. ती आणि आठ आण्यांची भरलेली, दोन्ही पुण्याला घेऊन आले. कपाटात एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. मध्यंतरी नातीने विचारलं, आजी, ही फुटकी पुडी कशाला ठेवलीस? मी म्हटलं, कोणी परत घेतं का बघतेय.